बेरार पलटण आणि वाशिमची पोरं

भारतीय लष्करातल्या कुमाऊं रेजिमेंटचे केंद्र रानीखेतला आहे, हिमालयाच्या अंगणात. या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीच्या नावामागे कंसात एक शब्द लावतात, ‘बेरार’. बेरार म्हणजे आपले वऱ्हाड. देवदारांच्या त्या गावात वऱ्हाडाचे नाव कसे जाऊन बसले, हे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवले, सैनिकी शाळांचे कितीतरी अर्ज भरून दिले, पण मुलांना ही गोष्ट कधी सांगितली नाही. सैनिकी प्रवेशाच्या वाटा सांगणाऱ्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला सांगितल्यावर पहिल्यांदा तीच आठवली. ती थोडी खारट आहे, पण या पुस्तकाचा विषय तिथूनच सुरू होतो.

निजामाच्या मुलखात इंग्रजांनी एक फौज उभी केली होती. 1813 साली रेसिडेंट रसेल याच्या नावाने ती ‘रसेल ब्रिगेड’ म्हणून सुरू झाली आणि पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज साहेबाचा. तिच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर आणि आपल्या शेजारच्या हिंगोलीला. वाशिमहून हिंगोलीला आजही तासाभरात जाता येते. या फौजेच्या पगाराची थकबाकी निजामाच्या डोक्यावर वाढत गेली आणि 21 मे 1853 रोजी झालेल्या तहात ती वसूल करण्यासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. म्हणजे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी कापूस-ज्वारीच्या वावरावर भरलेला सारा त्या फौजेच्या रोटीत जात होता. 1902 साली वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांच्या खंडाने कायमचे इंग्रजांकडे गेले, दुसऱ्या वर्षी कंटिन्जंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानी फौजेत मिसळल्या, आणि त्यांतल्या एकीचे नाव पडले 96वी बेरार इन्फन्ट्री. 1922 साली ती एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, 1945 साली त्याच रेजिमेंटला कुमाऊं हे नाव मिळाले. रानीखेतचे कोडे ते एवढेच.

आता यातला खारटपणा. या पलटणींत भरती मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातून होत असे. पैसा वऱ्हाडाचा, नाव वऱ्हाडाचे, शिपाई गंगा-यमुनेकडचे आणि साहेब विलायतेचे! त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे कंटिन्जंटच्या जुन्या पलटणींच्या निशाणावरच्या रणसन्मानांत ‘नोव्हा’ असा एक शब्द आहे. उमरखेड-हदगाव भागातल्या नोव्हाच्या गढीत हटकर सरदार नौसाजी नाईक निजामशाहीविरुद्ध उभे होते. 1819 च्या जानेवारीत या फौजेने ती गढी घेतली. म्हणजे वऱ्हाडच्या खर्चावर पुढे पोसल्या गेलेल्या फौजेचा एक मानाचा तुरा वऱ्हाडच्याच सीमेवरच्या एका नाईकाला हरवून मिळालेला होता.

वाशिमची प्रस्तावना लिहिताना कुणालाही वाकाटकांना आणायचा मोह होतो. वत्सगुल्म ही राजधानी, हरिषेणासारखा राजा, त्याचा मंत्री वराहदेव आणि त्याने अजिंठ्यात कोरवलेले सोळावे लेणे, हे सगळे खरे आहे आणि अभिमानाचेही. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या नावाने सकाळी पाच वाजता उठून कोणी धावत नाही. धावायला लावते ती घरातली गरज. म्हणून वाकाटकांना नमस्कार करून मी थेट छावणीच्या दाराशी येतो.

हे दार दोन प्रकारचे असते. एक शिपायाचे, एक अधिकाऱ्याचे. इंग्रजी अमलात आपल्याकडच्या लोकांना शिपायाचे दारही सरळ मिळाले नाही. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी एक विचित्र वर्गवारी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साहेबांनी डोक्यात घेतली आणि दक्षिणेकडची भरती आटवत नेली. मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान्पिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरती 1892 साली बंदच झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहिले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर 1921 साली मोडली. अखेर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. डॉ. आंबेडकर त्या वर्षी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. विदर्भातल्या अनेक घरांच्या भिंतीवर आज जो गणवेशातला फोटो दिसतो, त्यामागे हा झगडा आहे.

अधिकाऱ्याचे दार याहून दूर होते. 1918 साली पहिल्यांदा सँडहर्स्टच्या विलायती अकादमीत हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा मंजूर झाल्या. साऱ्या देशातून दहा! त्यासाठी मुलांची तयारी करून घ्यायला 13 मार्च 1922 रोजी डेहराडूनला एक संस्था उघडली. तिचेच आजचे नाव राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. नावात कॉलेज असले तरी तिथे प्रवेश आठवीत होतो, याची नोंद वाचकाने आताच करून ठेवावी, कारण या नावांच्या घोळाकडे मला पुन्हा यायचे आहे. देशातच अधिकारी घडवावेत ही मागणी वाढत गेली, 1931 साली त्यासाठी सरसेनापती चेटवुड यांची समिती बसली आणि 1932 साली डेहराडूनलाच इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली.

त्या चेटवुड समितीत नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे होते. डोळ्यांचे डॉक्टर, बोअर युद्धात वैद्यकीय पथकात राहून आलेले, हिंदुमहासभेचे पुढारी. गोलमेज परिषदेहून परतताना 1931 च्या मार्चमध्ये ते इटलीत गेले, मुसोलिनीला भेटले आणि तिथल्या तरुणांच्या लष्करी संघटना पाहून भारावले. 1935 साली त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि 1937 साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. नाव भोसले घराण्याचे. मुंज्यांच्या विचारांत इटलीहून आणलेले जे होते, ते मला तेव्हाही पटले नसते आणि आजही पटत नाही. पण एक गोष्ट त्यांना इतरांच्या आधी कळली होती. अकादमी उघडली म्हणून अधिकारी तयार होत नाहीत, त्याआधी आठ-दहा वर्षे शाळेत काहीतरी घडावे लागते. मराठी मुलखातल्या सैनिकी शिक्षणाचा पुढचा सगळा इतिहास, मुंजे ज्यांना आवडत नाहीत त्यांच्या हातूनही, याच वाटेने गेला.

स्वातंत्र्यानंतर एक गंमत झाली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनडीए, आपल्या घरातच आली. 6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसवली आणि 1955 च्या जानेवारीत तिचे रीतसर उद्घाटन झाले. तिन्ही दलांचे छात्र एकत्र शिकतात अशी जगातली ही पहिल्या काही प्रबोधिन्यांपैकी. सुदान ब्लॉकचा घुमट, मागे सिंहगड, बाजूला तलाव. पण महाराष्ट्रात एनडीए असणे आणि एनडीएत महाराष्ट्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची परंपरा 1768 पर्यंत मागे जाते, जवान तर साताऱ्या-कोल्हापुराच्या गावागावांत, तरी अधिकाऱ्यांच्या यादीत मराठी आडनावे शोधावी लागतात, ही तक्रार मी विद्यार्थी असल्यापासून ऐकतो आहे. तक्रार करणारे बहुधा आपल्या मुलाला इंजिनिअर करतात, ते वेगळे.

या तक्रारीला मिळालेले पहिले सरकारी उत्तर म्हणजे सातारा. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कल्पनेतून देशभर सैनिक स्कूल काढायचे ठरले आणि त्यांतले पहिले 23 जून 1961 रोजी साताऱ्याला सुरू झाले. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. दीड वर्षात चीनच्या आक्रमणाने मेनन गेले आणि त्यांच्या जागी यशवंतरावच दिल्लीला गेले. जमीन-इमारती राज्याच्या, मुख्य अधिकारी संरक्षण खात्याचे, अशी या शाळांची घडी आहे. हवाई दलप्रमुख झालेले प्रदीप नाईक साताऱ्याचे विद्यार्थी. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष महाडिकही तिथलेच. राज्यातले दुसरे सैनिक स्कूल चंद्रपूर जिल्ह्यात उघडायला 2019 साल उजाडले. मधली अठ्ठावन्न वर्षे विदर्भाच्या मुलाने सातारा गाठायचे, दहा-अकरा वर्षांच्या वयात, आईला सोडून. किती जणांनी गाठले असेल याचा हिशेब मी मांडत नाही. आमच्या पंचक्रोशीतून एक गेला होता. त्याचा बाप एसटीत होता म्हणून पास मिळाला, असे त्याची आई सांगे.

दुसरे उत्तर खास राज्याचे, आणि माझ्या मते सर्वांत नेमके. 1977 साली महाराष्ट्र शासनाने औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. तिला सगळे एसपीआय म्हणतात आणि मीही तेच म्हणेन. राज्याचे स्वतःचे सैनिकी महाविद्यालय म्हणायचे तर हेच. कल्पना साधी होती. पहिलीपासून वेगळी शाळा नको, दहावी झालेला मुलगा घ्या, कोणत्याही गावच्या कोणत्याही शाळेतला. दोन वर्षे वसतिगृहात ठेवा, अकरावी-बारावी विज्ञान करू द्या आणि त्याच दोन वर्षांत एनडीएच्या लेखी परीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करून घ्या. तुकडी साठ मुलांची. निवड लेखी परीक्षेतून, गणित आणि सामान्य ज्ञान, चुकलेल्या उत्तराचे गुण वजा, त्यानंतर मुलाखत.

साठ हा आकडा राज्याच्या मानाने किती लहान, असे कोणी म्हणेल. मला तो आकडाच तिचे बळ वाटतो. साठ मुलांना अधिकारी नावानिशी ओळखतो. सकाळी धावणे, कवायत, मग कॉलेज, दुपारनंतर खेळ, रात्री अभ्यास आणि या सगळ्यात इंग्रजीतून बोलायची सक्तीवजा सवय. घरी जाताना केस बारीक आणि ‘सर’ हा शब्द जिभेवर. पहिल्या सुट्टीत परतलेला आमचा एक विद्यार्थी आजीलाही ‘हो सर’ म्हणाला होता. तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आमच्याकडून तिथे जाणारी वाट मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशी. जिजाऊंच्या गावावरून गाडी जाते. मुलाला परीक्षेला नेणारा प्रत्येक बाप तिथे बसमधून हात जोडतो, मीही जोडले आहेत. आता समृद्धी महामार्गाने आपल्या जिल्ह्यातले शेलुबाजार आणि संभाजीनगर जवळ आले, पण ती सोय चारचाकी असणाऱ्यांची.

एनडीएच्या निवडीत लेखी परीक्षा 900 गुणांची, 300 गणिताचे आणि 600 सामान्य क्षमतेचे. त्यानंतरची एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत, तीही 900 गुणांची. मुलाखत हा शब्द फसवा आहे. मराठीत आपण त्याला टेबलाच्या पलीकडचे तीन लोक आणि अलीकडचा घामाघूम मुलगा असे समजतो. ही पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी चाळणी, त्यात निम्म्याहून अधिक मुले परतीच्या गाडीत बसतात. उरलेल्यांना मानसशास्त्रज्ञ चित्रे दाखवतो. एक चित्र तीस सेकंद, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी बारा, आणि बारावे चित्र कोरे असते. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात आले ते वाक्य लिहा. मग साठ प्रसंग तीस मिनिटांत. पुढे मैदानावर गटाची कामे. काही फळ्या, दोर, रिकामे पिंप, आणि ओलांडायला एक रेघ. आठ-दहा मुले. पुढारी कोणी नाही. कोणालाही नेमलेले नाही.

ही ‘पुढारी न नेमलेल्या गटा’ची युक्ती दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करात काम करणाऱ्या विल्फ्रेड बिऑन या मनोविकारतज्ज्ञाची. युद्धात अधिकारी कमी पडू लागले आणि खानदानी घरातली मुले निवडण्याची जुनी रीत पुरेना, तेव्हा त्याने अनोळखी मुलांना एकत्र सोडून नुसते पाहत बसायचे ठरवले. कोण ओरडतो, कोण ऐकतो, कोण दुसऱ्याच्या हातातला दोर धरतो. 1943 साली ही पद्धत आपल्याकडे आली आणि थोड्याफार बदलाने आजही चालू आहे. तपासायचे गुण पंधरा ठरलेले आहेत. त्यांत शौर्य आहे, पण त्याच्या जोडीला समाजात मिसळणे आहे, जबाबदारी घेणे आहे, झटकन निर्णय घेणे आहे, बोलून पटवणे आहे.

आमचा एक मुलगा लेखी परीक्षेत उत्तम गुणांनी उतरला. गणित तर त्याचे माझ्याहून चांगले. भोपाळहून पाचव्या नाही, पहिल्याच दिवशी परत आला. मी विचारले, काय झाले रे? म्हणाला, “सर, सगळे एकदमच बोलून रायले होते. म्या म्हनलं, यायचं झाल्यावर बोलू. यायचं झालंच नाही.”

ते पोर लाजाळू नव्हते. वावरात बारा गड्यांकडून सोंगणी करवून घेत होते, बाजार समितीत आडत्याशी भांडून भाव घेत होते. म्हणजे पंधरांतले बारा गुण अंगी होते. पण मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये ही घरची शिकवण आणि परक्या पोरांसमोर परक्या भाषेत तोंड उघडायची भीती, या दोहोंत ते अडकले. आमच्या शाळेत त्याला दहा वर्षे आम्हीच गप्प बसायला शिकवले होते. हा दोष मी माझ्या खात्यावर लिहितो. ‘वर्गात शांतता’ हे माझ्या वहीत उत्तम शेऱ्याचे लक्षण होते.

एवढ्यासाठी मला एसपीआय महत्त्वाची वाटते. गणित शिकवणारे गावोगाव आहेत, धावायला तर रस्ता पुरतो. तोंड उघडायला मात्र दोन वर्षे लागतात आणि ती सोबतीने काढावी लागतात. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांच्यासाठी निदान शेवटची मलमपट्टी म्हणून नाशिकरोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन एसएसबीचे बोलावणे आलेल्यांना तिथे राहणे, जेवण आणि प्रशिक्षण विनामूल्य मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून नाव जाते. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि त्या दिवशी नेमका आपल्याकडे पेपर आलेला नसतो.

आता नावांचा घोळ, ज्यासाठी खरे तर हे पुस्तक झाले. पालक येतात आणि म्हणतात, “सर, पोराला सैनिकी शाळेत टाकायचं आहे.” त्यांच्या मनात चार वेगळ्या संस्था एकाच नावाने असतात. ‘सैनिक स्कूल’ ही केंद्राच्या सोसायटीची. तिथे सहावी आणि नववीत प्रवेश, देशपातळीवरच्या परीक्षेतून. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची फक्त इंग्रजीतून. हा फरक ज्याला आधी कळला त्याचे मूल अर्धी लढाई जिंकून बसते. ‘सैनिकी शाळा’ ही राज्याची कल्पना. 1995 साली युती शासनाने जिल्ह्याला एक या हिशेबाने त्या काढायचे ठरवले, चालवणाऱ्या खासगी संस्था, अनुदान सरकारचे. आपल्या जिल्ह्यातही अशी शाळा झाली. ‘मिलिटरी स्कूल’ म्हणजे भोसलासारखी खासगी किंवा मग बेळगावची, जी किंग जॉर्जच्या नावाने जवानांच्या मुलांसाठी सुरू झाली आणि आता राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे. डेहराडूनच्या कॉलेजची परीक्षा वर्षातून दोनदा पुण्याला होते, इंग्रजी 125, गणित 200, सामान्य ज्ञान 75, पुढे 50 गुणांची तोंडी. सातवीत शिकणाऱ्या मुलासाठी. तिथे राज्याच्या वाट्याला येणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे ‘अकादमी’. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, पेट्रोलपंपाच्या मागे, एक मैदान, एक निवृत्त हवालदार आणि रणगाड्याचे चित्र असलेला फलक. यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत, पोरांना भल्या पहाटे पळवतात आणि पोलीस भरतीत, अग्निवीर भरतीत पोचवतात. पण तिथे दहावीच्या मुलाच्या बापाला “तुमचा पोरगा अधिकारीच होणार” असे सांगून दोन वर्षांची फी एकदम घेतली जाते, तेव्हा मला राग येतो. शिपायाचे दार आणि अधिकाऱ्याचे दार एकाच फलकावर रंगवता येत नाही.

राज्याच्या सैनिकी शाळांबद्दल मी हात राखून लिहितो. ज्या अपेक्षेने त्या काढल्या, ती सगळ्यांनी पुरी केली असे कोणी म्हणणार नाही. काही ठिकाणी घोडा आहे आणि इंग्रजीचा शिक्षक नाही. काही ठिकाणी गणवेश एवढीच सैनिकी गोष्ट उरली आहे. पण एक उलट उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते मुलींचे आहे.

पुण्याजवळ कासार आंबोलीला महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा 1997 पासून चालू आहे. नेमबाजी, घोडेस्वारी, कवायत, सारे काही. आणि या मुली बारावी होऊन बाहेर पडल्या की एनडीएच्या अर्जावर लिहिलेले असे, ‘अविवाहित पुरुष’. खडकवासला त्यांच्या शाळेपासून किती जवळ, पण दार बंद. पदवीनंतरच्या वेगळ्या वाटेने 1992 पासून महिला अधिकारी होत होत्या, हे खरे. प्रबोधिनीचे दार मात्र 18 ऑगस्ट 2021 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने उघडले. 2022 साली एकोणीस मुली आत गेल्या आणि 30 मे 2025 रोजी सतरा जणी पदवी घेऊन संचलन करत बाहेर आल्या. त्याच 2022 मध्ये डेहराडूनच्या कॉलेजने शंभर वर्षांनी पहिल्यांदा मुली घेतल्या, सैनिक स्कूलांनी त्याच्या एक वर्ष आधी सर्वत्र. आणि 2023 साली राज्याने नाशिकला मुलींची एसपीआय काढली, पहिली तुकडी तीसची. शाळा पंचवीस वर्षे आधी तयार आणि दार नंतर उघडते, असा हा उलटा क्रम. आमच्या वर्गातल्या ज्या मुलींना मी “तू बीएड कर” असे सांगत आलो, त्यांची आठवण मला हे लिहिताना होते आहे. त्यांतल्या एकीला कबड्डीत कोणी धरू शकत नसे.

वाशिम हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. खरे तर तो पुन्हा झाला, कारण 1905 पर्यंत बाशिम नावाचा जिल्हा होताच. 2018 साली केंद्राने मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार नावांत आपले होते, गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादच्या जोडीला. नीती आयोगाने त्याला ‘आकांक्षित’ असा गोंडस शब्द दिला. आकांक्षा पाहायची असेल तर आश्विन-कार्तिकात, सोयाबीन निघून गेल्यावर, पहाटे साडेचारला रिसोड किंवा मंगरूळपीरच्या रस्त्याला यावे. अंधारात पावलांचा आवाज आधी येतो. मग पोरे दिसतात, पंधरा-वीस, एखाद्याच्या पायात बूट, बाकीच्यांच्या पायात काही नाही. 1600 मीटरचे अंतर त्यांनी खांब मोजून ठरवलेले असते. भरती मेळाव्यासाठी आपला जिल्हा नागपूरच्या कार्यालयाखाली येतो. 2022 पासून चार वर्षांची अग्निवीर योजना आहे, चार वर्षांनी चारांतला एक कायम. या पोरांना मी कधीही सांगणार नाही की तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. शिपायाचे दार हे मानाचे दार आहे, आणि घर त्यावर उभे राहते. पण त्या वीस जणांत दोघे-तिघे तरी असे असतात की ज्यांना दुसऱ्या दाराचा पत्ताच कोणी सांगितलेला नाही. सातवीत सांगायला हवा होता. दहावीत तरी सांगायला हवा होता.

या पुस्तकाच्या लेखकांनी, आमच्या जिल्ह्यातल्या काही शिक्षकांनी, तो पत्ता लिहून काढला आहे. संस्थावार प्रकरणे, वयोमर्यादा, अर्जाचे महिने, अभ्यासक्रम, शारीरिक मापे, वैद्यकीय तपासणीत कुठे अडते ते. रंगांधळेपणा, सपाट तळपाय, दातांची मोजणी. मापे आणि तारखा बदलत असतात, म्हणून जाहिरात पाहूनच अर्ज करावा, हे त्यांनी प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर लिहिले आहे आणि ते योग्य आहे. मला त्यांची भाषा आवडली. कुठेही रणदुंदुभी वाजवलेली नाही. एसएसबीच्या प्रकरणात तयार उत्तरे दिलेली नाहीत, त्याऐवजी वर्गात करायचे खेळ दिले आहेत, आठ जणांना एका विषयावर दहा मिनिटे मराठीत बोलायला लावण्यापासून सुरुवात. आधी मराठीत तोंड उघडू द्या, इंग्रजी मागून येते, हे त्यांचे म्हणणे मला वर्गातल्या अनुभवाने पटते. माझी एकच तक्रार आहे. पालकांना विचारले जाणारे प्रश्न त्यांनी शेवटी ढकलले आहेत. ते आधी हवे होते, कारण पुस्तक विकत घेणार आहे तो बाप.

आणि त्या बापासाठी एक गोष्ट. या सगळ्या परीक्षांत पहिला अडसर गणिताचा नसतो, जन्मतारखेचा असतो. सैनिक स्कूलच्या सहावीसाठी 31 मार्चला मूल दहा ते बारा वर्षांचे हवे. डेहराडूनसाठी साडेअकरा ते तेरा. एनडीएसाठी साडेसोळा ते साडेएकोणीस. इथे एक दिवस इकडे-तिकडे झाला की अर्ज बाद. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी पोराकडे पाहून वय ठरवत आणि दाखल्यावर 1 जून लिहीत. माझाही वाढदिवस 1 जून. माझ्या भावाचा 1 जून, शेजारच्या तिघांचा 1 जून. आता जन्म-नोंदणी आहे, तसे होत नाही. पण दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत तिसरी, असे कागद घेऊन अजूनही पालक माझ्या दारात येतात, अर्जाची मुदत संपायला दोन दिवस असताना. तेव्हा मूल चौथीत असतानाच एका सकाळी तिन्ही कागद ओसरीवर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात तहसीलला जाऊन यावे.